बारा चित्रं आणि वाल्बीतला एक फळा

३० सप्टेंबर २००५. डेन्मार्कच्या 'युलँड्स-पोस्टन' या दैनिकात बारा व्यंगचित्रं छापून आली. प्रेषित महंमदांवरच्या मुलांच्या पुस्तकाला चित्रं काढायला कुणी धजत नाही, अशी एका लेखकाची तक्रार होती. तेव्हा सांस्कृतिक पानांचे संपादक फ्लेमिंग रोझ यांनी चित्रकारांना कळवलं, महंमद तुम्हाला जसे दिसतात तसे काढा.

ती चित्रं आम्ही इथं दाखवणार नाही. एकाचं फक्त वर्णन करतो.

शाळेचा वर्ग. फळ्यापाशी हातात छडी घेतलेला एक मुलगा. नाव महंमद, पण हा प्रेषित नव्हे, कोपनहेगनच्या वाल्बी भागातला सातवीतला पोरगा. फळ्यावर फारसीत लिहिलंय : युलँड्स-पोस्टनचे पत्रकार म्हणजे चिथावणीखोर प्रतिगाम्यांची टोळी. चित्रकारानं चिमटा काढला तो छापणाऱ्यालाच, आणि दैनिकानं तो छापलाही. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण दोनच वर्षं आधी, २००३ साली, याच दैनिकाकडे येशूच्या पुनरुत्थानावरची व्यंगचित्रं आली होती. रविवारच्या पुरवणीच्या संपादकांनी ती नाकारली. वाचकांना रुचणार नाहीत, ओरड होईल, असं कारण दिलं. नकार देण्यात काहीच गैर नव्हतं, काय छापायचं नि काय नाही हे संपादक रोजच ठरवतो. आम्हाला बोचतं ते एवढंच, की ज्या वाचकाचं मन तेव्हा जपलं, तो नेहमीचा, आपल्यातला होता. वाल्बीतल्या त्या पोराच्या आईवडिलांचा विचार २००५ मध्ये कुणी केला?

ऑक्टोबरात मुस्लिम देशांच्या ११ राजदूतांनी डेन्मार्कचे पंतप्रधान रासमुसेन यांची भेट मागितली, ती मिळाली नाही. वृत्तपत्रांवर सरकारचा ताबा नसतो, हे पंतप्रधानांचं म्हणणं खरंच होतं. पण भेटून तेच सांगता आलं असतं.

मग डेन्मार्कमधले काही इमाम या चित्रांची एक फाइल घेऊन इजिप्त, लेबनॉनला गेले. तिच्यात दैनिकात कधीच न आलेली तीन चित्रंही होती. त्यांतला एक होता डुकराचं नाक लावलेल्या दाढीवाल्या माणसाचा फोटो. प्रत्यक्षात तो फ्रान्समधल्या एका जत्रेतला, डुकराचा आवाज काढण्याच्या स्पर्धेतला. इस्लामशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. न पडताळता चित्र पुढं सरकवणाऱ्यावरही छापणाऱ्याइतकीच जबाबदारी येते, असं आम्हाला वाटतं. फेब्रुवारी २००६ मध्ये दमास्कसमधला डॅनिश दूतावास पेटवला गेला.

आता आपल्याकडे. जानेवारी २०१५. मुंबईतल्या एका उर्दू दैनिकानं 'शार्ली एब्दो' या फ्रेंच व्यंग-साप्ताहिकाचं, महंमदांचं व्यंगचित्र असलेलं मुखपृष्ठ पहिल्या पानावर छापलं. संपादिका स्वतः मुस्लिम. त्यांनी माफी मागितली, तरी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ खाली त्यांना अटक झाली. हे कलम १९२७ साली आलं, लाहोरातल्या एका पुस्तिकेवरून उठलेल्या वादानंतर. भावना दुखावण्याचा हेतू बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट असला तरच ते लागू व्हायचं. तो हेतू होता की नव्हता, हे न्यायालयात ठरेपर्यंत वाट पाहायला कुणाला सवड होती? दैनिकाची मुंबई आवृत्ती बंद पडली. बाईंची नोकरी गेली.