केशवाहिन्यांत रक्ताचा वेग का मंदावतो?

नमस्कार मंडळी. रक्तदाबावरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत इतक्या जणांनी विचारला आहे की, तुकड्यातुकड्याने उत्तरे देण्यापेक्षा आज फक्त त्यावरच बोलणे मला योग्य वाटते. रावेर तालुक्यातील एका केळी बागायतदार दादांनी तो सर्वांत नेमका मांडला आहे: "सर, पाइपाचे तोंड अंगठ्याने दाबले की पाणी जोरात उडते, मग केसाहून बारीक नळीत रक्त हळू कसे चालते?"

महारोहिणी, तिच्या शाखा, लहान रोहिण्या, केशवाहिन्या आणि तेथून नीलांमधून पुन्हा हृदय, हा मार्ग आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेला आहे. विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडले, तेव्हा रोहिणी आणि नीला यांच्यामधला दुवा त्यांना दिसलेला नव्हता; तो मार्सेलो माल्पिगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एवढे सांगून मूळ प्रश्नाकडे येतो.

दादांनी आपल्या बागेतील ठिबक डोळ्यांपुढे आणावे. मेन लाइनमधून पाणी धावते, सबमेनमध्ये ते वाटले जाते आणि प्रत्येक ओळीच्या नळीत ते संथ होते, कारण नळी एकटी बारीक असली तरी अशा सगळ्या नळ्यांची तोंडे एकत्र मोजली तर ती मेन लाइनपेक्षा कितीतरी मोठी भरतात. अंगठ्याने पाइप दाबला म्हणजे सगळ्या पाण्याला एकाच अरुंद वाटेने जावे लागते. शरीरात मात्र अब्जावधी वाटा शेजारी शेजारी उघड्या असतात.

हेच आकड्यांनी पाहू. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर, म्हणजे सेकंदाला साधारण ८३ घन सेंटीमीटर रक्त पुढे ढकलते, आणि कोणत्याही टप्प्यावर एकूण तेवढेच रक्त पुढे सरकले पाहिजे. महारोहिणीचा छेद, म्हणजे तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ, सुमारे २.५ चौरस सेंटीमीटर आहे, म्हणून तेथे सरासरी वेग सेकंदाला ३३ सेंटीमीटर येतो. सर्व केशवाहिन्यांचा मिळून छेद सुमारे २,५०० चौरस सेंटीमीटर आहे, म्हणून तेथे तो सेकंदाला जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर राहतो. वहीत भागाकार करून पाहा.

तरीही काही जण लिहितात की, "रक्त तेथपर्यंत पोहोचताना दमते, म्हणून हळू होते." ही समजूत मला मनापासून खटकते, कारण ती ऐकायला पटते आणि पुढचे सगळे आकलन बिघडवते. रक्त दमत असते, तर पुढे नीलांमध्ये ते आणखी मंद व्हायला हवे होते. प्रत्यक्षात नीला एकमेकींना मिळत जातात तसा एकूण छेद आकसतो आणि वेग पुन्हा वाढतो. तोही दाब आणखी उतरलेला असताना. दाब आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "बीपी वाढले म्हणजे रक्त जोरात पळते" असे लिहिणाऱ्यांनाही माझे हेच उत्तर आहे.

मग अरुंदपणाचा काहीच परिणाम नाही का? आहे, पण तो मुख्यतः केशवाहिन्यांच्या आधीच्या लहान रोहिण्यांमध्ये दिसतो. त्यांच्या भिंतीत स्नायू असतात आणि वाहिनीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा विरोध सोळा पट होतो, म्हणून दाबाची सर्वांत मोठी उतरण तेथेच असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात आपला चेहरा लालबुंद होतो, तो त्वचेतील याच लहान रोहिण्या सैल पडल्यामुळे. शरीर उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवते.

वेग मंदावण्याचा उपयोग काय, हे मला पुस्तकापेक्षा प्रयोगशाळेत अधिक स्पष्ट समजले. ओल्या कापसात गुंडाळलेल्या लहान माशाची शेपटी भिंगाखाली ठेवली की, तिच्या पातळ पडद्यात लंबगोल रक्तपेशी एकामागे एक सरकताना दिसतात. एकेकटी पेशी लाल नव्हे तर फिकट पिवळसर दिसते, मध्येच थबकते आणि पुन्हा निघते. विद्यार्थी भिंगावरून डोळा काढायला तयार होत नाहीत. माणसाची तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद असते आणि कित्येक केशवाहिन्या त्याहून अरुंद असल्यामुळे तिला आकार बदलून आत शिरावे लागते. भिंत पेशींच्या एकाच थराची आणि प्रवास एक ते तीन सेकंदांचा. तेवढ्यात ऑक्सिजन बाहेर जातो आणि कार्बन डायऑक्साइड आत येतो.

हे एक-दोन सेकंद किती मोलाचे आहेत, ते आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील सिकलसेलच्या रुग्णांकडे पाहून कळते, आणि अक्कलकुवा-धडगाव भागातून प्रश्न विचारणाऱ्यांसाठी मी हे मुद्दाम सांगतो. या आजारात ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना जोडून कडक धागे बनवतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. मात्र हे लगेच घडत नाही, थोडा अवधी जातो, आणि बहुतेक पेशी तेवढ्यात केशवाहिनी ओलांडून जातात. शरीरातले पाणी कमी झाले की पेशीतील हिमोग्लोबिन दाट होते आणि तो अवधी घटतो; थंडीत वाहिन्या आकुंचन पावतात आणि पेशीला पलीकडे जायला जास्त वेळ लागतो. दोन्ही वेळा पेशी आतच कडक होऊन वाट अडवण्याचा धोका वाढतो, पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही आणि असह्य कळा येतात. म्हणून अशा रुग्णाला भरपूर पाणी प्यायला आणि थंडीत ऊबदार राहायला सांगतात. कळा सुरू झाल्या, ताप आला किंवा दम लागू लागला, तर घरी थांबू नये, त्याच वेळी दवाखाना गाठावा.