केदारकांठाला चाललाय? आधी ही परात बघा

नमस्कार मंडळी. चोर्ला, राजहंसगड पुढच्या वेळी, आज हिमस्खलनाबद्दल बोलायचंय, म्हणजे डोंगरउतारावरचा बर्फ एकदम सुटून खाली येतो त्याबद्दल. झालंय असं की डिसेंबर लागला की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं उत्तराखंडातल्या केदारकांठाच्या बर्फातल्या ट्रेकला निघतात, चांगलंच आहे, जावं. पण आता मला मेसेज येऊलेत की दादा, ग्रुपबरोबर एकदा झालं, आता फेब्रुवारीत आम्ही चौघंच जातो, गाईड नको, वाट सोडून बर्फातनं वर चढतो, भर पावसात कणकुंबीचं जंगल फिरलोय की आम्ही. वाचून पोटात गोळाच आला माझ्या. आपल्या घाटात पाय घसरला तर एकटा माणूस घसरतो, तिथं अख्खा उतारच तुमच्यासकट खाली येतो.

हनुमंतप्पा कोप्पद आठवतात? शेजारच्या धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे जवान. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचीनमध्ये 19,600 फुटांवरची त्यांची चौकी बर्फाखाली गेली, 10 जवान गाडले गेले. सहा दिवसांनी हे एकटे जिवंत सापडले आणि 11 तारखेला दिल्लीत वारले. त्या दिवसांत आमच्या घरातला टीव्ही बंद झाला नव्हता, आईनं देवापुढं दिवा लावून ठेवला होता.

(परात जवळ दाखवायची)

आता हे बघा. खाली मैदा दाबून बसवलाय. त्यावर साखरेचा पातळ थर. त्यावर परत मैदा, हातानं थापून गच्च केलेला. वरनं बघितलं तर काही कळतंय? नाही. आता हळूहळू तिरकी करतो... वीस अंश, काही नाही. पंचवीस, काही नाही. आता पस्तिसाच्या पुढं, बघा बघा, वर आडवी चीर पडली आणि वरचा थर भाकरीसारखा अख्खा सुटून आला. साखरेचे दाणे एकमेकाला धरत नाहीत, म्हणून.

डोंगरावर ही साखर निसर्गच बनवतो. सीझनच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, जमिनीलगत तो त्यामानानं ऊबदार आणि वर निरभ्र रात्रीची कडक थंडी, त्यामुळं वाफ खालनं वर सरकते आणि आतले कण मोठे, टोकदार, सुटे होतात. मग त्यावर नवा बर्फ पडतो, वारा दुसऱ्या बाजूचा बर्फ उचलून आणून इकडं थापतो, आणि थर गच्च होतो. पायाला घट्ट लागतो म्हणून माणूस निर्धास्त चालतो. आणि जीवघेण्या अपघातांत दहातल्या नऊ वेळा तो थर माणसाच्याच वजनानं सुटतो, गेलेल्याच्या नाहीतर त्याच्या सोबत्याच्या.

कोन लक्षात ठेवा, थर बहुतेक वेळा सुटतो तो 30 ते 45 अंशांच्या उतारावर. आमच्या जांबोटीकडच्या घराचं कौलारू छप्पर फोनच्या अ‍ॅपनं मोजलं, 32 भरलं. म्हणजे छपराएवढा उतार दिसला की सावध. आणि तुम्ही सपाटीवर चालत असला तरी डोक्यावरचा उतार बघायचाच, कारण खालनं चालतानाही वरचा थर सुटू शकतो. पाय टाकल्यावर 'धप्प' असा दबका आवाज आला, बुटापासनं चिरा पळत गेल्या, शेजारच्या उतारावर ताजा कोसळलेला बर्फ दिसला, तर त्या उतारावर जायचं नाही. तिथनंच मागं. पैसे गेले, सुट्टी गेली, जाऊ दे. नुकताच जोरात बर्फ पडलेला असेल, वारा सुटला असेल किंवा एकदम ऊन तापलं असेल, तरी तेच.

गाडलं गेल्यावर काय? थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो, बोट हलत नाही. पहिल्या 15 मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात, पुढं मात्र ते प्रमाण झपाट्यानं खाली येतं. एवढ्या वेळात गावातनं मदत येत नाही, सोबतच्यांनीच शोधायचं. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर 457 किलोहर्ट्झचा बीकन, म्हणजे गाडलेला माणूस कुठं आहे ते सिग्नलनं सांगणारं यंत्र, सॅकमध्ये बर्फात खुपसून शोधायची घडीची लांब काठी आणि फावडं, आणि तिन्ही वापरायचा सराव. चौघांत एकच बीकन असला तर तो काय कामाचा, सांगा. आणि धोक्याचा उतार ओलांडावाच लागला तर एकेकानं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरनं नजर ठेवायची.

ट्रेनिंग घेतलेल्यांचंही सांगतो. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तरकाशीत द्रौपदी का डांडा 2 वर गिर्यारोहण शिकवणाऱ्या नेहरू इन्स्टिट्यूटची तुकडी हिमस्खलनात सापडली, 27 जणांचे मृतदेह निघाले. शिकणारी पोरं होती ती, सोबत प्रशिक्षक होते.

जायच्या आधी चंदीगडच्या डीजीआरईचा हिमस्खलन अंदाज बघा, हा डीआरडीओचा विभाग आहे. धोक्याच्या 5 पायऱ्या असतात. तिसरी पायरी मधली वाटते म्हणून लोक निघतात, आणि युरोपात सगळ्यात जास्त माणसं त्याच पायरीवर दगावलीत.

येत्या रविवारी सकाळी 7 ला राजहंसगडाच्या पायथ्याला भेटू. फोनमध्ये कोन मोजायचं अ‍ॅप घालून या, आधी नजरेनं अंदाज सांगायचा, मग मोजायचं. फेब्रुवारीवाले चौघं, तुम्ही तर याच.