ऊब राखणारा रेनडिअर

नॉर्वेच्या उत्तरेला फिनमार्कचं पठार. जानेवारीचा पहिला आठवडा, सूर्य अजून क्षितिजावर आलेला नाही. याच भागातल्या कारास्योकमध्ये १८८६ साली उणे ५१.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. नॉर्वेत त्याहून खाली पारा आजवर उतरलेला नाही. अशा जागी हा रेनडिअर उघड्यावर बसून निवांत रवंथ करतोय.

त्याच्या पाठीवर साचलेला बर्फ बघा. खाली जवळपास ३८ अंशांचं गरम शरीर आहे, तरी बर्फ वितळत नाही. हिवाळ्यात चारा तुटपुंजा. जास्तीची ऊर्जा जाळून अंग गरम ठेवणं त्याला परवडणारं नाही, म्हणून आहे ती ऊब तो बाहेर जाऊच देत नाही.

सुरुवात केसांपासून. वर लांब, राठ केस आणि त्याखाली बारीक, दाट लोकर. वरच्या केसांच्या आत हवेचे कप्पे असतात. हेच केस नदी ओलांडताना त्याला तरंगायला मदत करतात. असा हिवाळी पेहराव चढला, की साधारण उणे ३० अंशांपर्यंत त्याला वेगळी उष्णता तयार करावी लागत नाही. आणखी उत्तरेला, स्वालबार्ड बेटांवर, आखूड पायांचे गुबगुबीत रेनडिअर राहतात. त्यांच्या बाबतीत ही मर्यादा उणे ५० च्या आसपास जाते.

पाय मात्र तो थंड पडू देतो. खुरांकडे जाणारं गरम रक्त आणि खुरांकडून परतणारं गार रक्त अगदी शेजारून वाहतं. खाली जाणाऱ्या रक्तातली ऊब वर येणारं रक्त वाटेतच उचलून घेतं. खालच्या पायांतली चरबीही वेगळी असते. ती थंडीत घट्ट होत नाही, त्यामुळे सांधे वळत राहतात.

मला सगळ्यात नवल वाटतं ते नाकाचं. या नाकपुडीच्या आत, कागदाची सुरळी करावी तशी वळलेली पातळ हाडं आहेत. त्यांच्यावर ओलसर त्वचेचं अस्तर आणि रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. आत येणारी हवा इथे तापते. बाहेर जाणारी हवा आपली ऊब याच अस्तरावर सोडून जाते, आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन आतच राहते. हे वाचलेलं पाणी लाखमोलाचं. शरीराला पाणी कमी पडलं तर बर्फ खावा लागेल, आणि पोटात बर्फ वितळवायला पुन्हा ऊबच खर्च होईल.

इतकी पक्की व्यवस्था पळताना मात्र अंगावर येते. लांडगा मागे लागला, की स्नायू तापतात आणि ती उष्णता जाड केसांतून सुटत नाही. मग रेनडिअर तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकतो. तरीही मेंदू तापू लागला, तर नाकात गार झालेलं रक्त चेहऱ्याच्या शिरांतून मेंदूच्या तळाशी वळतं आणि मेंदूकडे निघालेल्या गरम रक्ताला निववतं. कडाक्याच्या थंडीत जगणाऱ्या प्राण्याला शरीर गार करायचीही सोय लागते, हे मला तरी सहज सुचलं नसतं.

डोळेही ऋतूप्रमाणे बदलतात. बुबुळामागचा चमकणारा पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो, हिवाळ्यात निळा होतो, आणि लांबलेल्या काळोखात अंधुक प्रकाशही पकडतो. शिवाय रेनडिअरला अतिनील किरण दिसतात. बर्फ हे किरण परावर्तित करतो, तर लायकेन, म्हणजे दगडफूल, ते शोषून घेतं. पांढऱ्या पसाऱ्यात चारा काळा उठून दिसतो. लांडग्याची लवही तशीच.

बर्फाखालचा चारा तो वासाने शोधतो आणि खुरांनी उकरतो. हिवाळ्यात खुराची मऊ गादी आक्रसते, कडा उघड्या पडतात आणि त्या बर्फात रुततात. भुसभुशीत बर्फात हे जमतं. पण हिवाळ्यात पाऊस पडून तो गोठला, तर चाऱ्यावर बर्फाचं टणक कवच चढतं. ते ना खुराने फुटतं, ना त्यातून वास येतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये सायबेरियाच्या यामाल द्वीपकल्पावर नेनेत्स पशुपालकांच्या कुरणांवर असाच पाऊस झाला आणि मग सगळं गोठलं. त्या हिवाळ्यात तिथे सुमारे ६१,००० रेनडिअर उपासमारीने मेले.