आवडतो, पण सांगत नाही

(काळा पडदा. प्रोजेक्टरची घरघर.)

एक चित्रपट आहे. त्यात जुळे भाऊ आहेत, आणि दोघं वेगळे ओळखू यावेत म्हणून एकाच्या डाव्या गालावर तीळ आहे. मध्यंतरानंतर तो तीळ उजव्या गालावर जातो. कोणी काही बोलत नाही. आईसुद्धा नाही, आणि तिने तर त्याच तिळावरून वीस वर्षांनी पोराला ओळखलेलं असतं. हा चित्रपट मी निदान अकरा वेळा पाहिलाय. त्याचं नाव मी सांगणार नाही. शेवटी सांगेन, या आशेवरही थांबू नका.

असा एखादा चित्रपट बहुतेकांकडे असतो. आवडते दहा चित्रपट सांगा म्हटलं की तो त्या दहात नसतो. पण टीव्हीवर लागला की हातातला रिमोट आपोआप खाली जातो. तेवढ्यात खोलीत कोणी आलं, तर आपण न विचारताच खुलासा करतो: ‘काही नाही, सहज लागला होता.’

याला इंग्रजीत गिल्टी प्लेझर म्हणतात, म्हणजे अपराधी वाटत घेतलेली मजा. आपण म्हणतो, डोकं बाजूला ठेवून बघायचा सिनेमा. मला हे कधी पटलं नाही. डोकं बाजूला ठेवलं असतं तर तीळ कसा दिसला असता? चांगल्या चित्रपटात आपण वाहून जातो, कॅमेरा आहे हे विसरतो. टुकार चित्रपटात मात्र आपण टक्क जागे असतो. भिंत हलली, मिशी सुटली, मघाशी भरलेला पेला आता रिकामा आहे, सगळं दिसतं.

(कृष्णधवल दृश्य: स्मशान. एक थडगं धक्का लागून डुलतं.)

हे थडगं पुठ्ठ्याचं आहे. चित्रपटाचं नाव ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’. दिग्दर्शक एड वुड.

याची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकाराची किल्ली इथेच आहे.

बेला लुगोसी हा १९३१च्या ‘ड्रॅक्युला’मधला ड्रॅक्युला. पुढे त्याला काम मिळेनासं झालं, अंमली औषधांची सवय लागली, आणि उतारवयात त्याला विचारणारा जवळजवळ एकच दिग्दर्शक उरला: एड वुड. ऑगस्ट १९५६मध्ये लुगोसी गेला. वुडकडे त्याचं थोडंसं चित्रण पडून होतं, तेही आवाजाशिवाय. काळा झगा घातलेला म्हातारा लुगोसी, काही मिनिटांचा. दुसऱ्या कोणी ते डबे कपाटात टाकले असते. वुडने त्या काही मिनिटांभोवती अख्खा चित्रपट रचला.

आता नायक हयात नाही आणि दृश्यं तर अनेक राहिली आहेत. वुडच्या बायकोच्या पाठीवर उपचार करणारा एक गृहस्थ होता, टॉम मेसन. त्याला उभं केलं. तो लुगोसीपेक्षा उंच होता, वयाने लहान होता, आणि चेहऱ्यात काडीचं साम्य नव्हतं. त्यावर उपाय काय? झगा नाकापर्यंत वर धरायचा. मेसन चित्रपटभर तसाच फिरतो, हाताने चेहरा झाकून.

पैसे कुठून आले? बॅप्टिस्ट चर्चच्या मंडळींकडून. त्यांना मूळ नावातला थडगी उकरणाऱ्यांचा उल्लेख खटकला, म्हणून नाव बदललं. पैशाच्या मोबदल्यात वुडने आणि काही नटांनी बाप्तिस्माही घेतला. निर्मात्याचा शब्द मोडवत नाही, हे अनेकांनी अनुभवलंय. इथे तो पाण्यात बुडी मारण्यापर्यंत गेला.

१९५७मध्ये चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला, १९५९मध्ये सगळीकडे लागला आणि विसरला गेला. रात्री उशिराच्या टीव्हीवर फिरत राहिला. मग १९८०मध्ये मेडवेड बंधूंचं एक पुस्तक आलं. त्यांनी वाचकांची मतं मागवून आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट निवडला होता, आणि तो मान ‘प्लॅन नाइन’ला मिळाला. लोक धावत बघायला गेले. खास खेळ होऊ लागले. एड वुड मात्र डिसेंबर १९७८मध्येच वारला होता, राहतं घर सुटल्यानंतर काही दिवसांतच. आपण जगातले सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरलो आणि त्यामुळे अमर झालो, यातलं काहीही त्याला कळलं नाही. पुढे १९९४मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला. त्यात लुगोसीची भूमिका करणाऱ्या मार्टिन लँडोला ऑस्कर मिळालं.

(दृश्य: झगा नाकापर्यंत धरून चालणारी आकृती. दृश्य थांबतं.)

या झग्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदाही हसलो. तिसऱ्यांदा वाटलं, याला मित्राला सोडायचंच नव्हतं. आता खरं सांगायचं तर त्यात व्यवहारही होता. जाहिरातीवर लुगोसीचं नाव हवं होतं. पण व्यवहार म्हणून पाहिलं तरी तो इतका उघडा, इतका भाबडा आहे की राग येत नाही. सफाईदार चित्रपटात ही जोडणी दिसली नसती. झगा थोडा कमी उंच धरला असता, कॅमेरा थोडा लांब ठेवला असता, तर वुडची धडपड आपल्यापर्यंत पोचलीच नसती.

अर्थात प्रत्येक चुकीमागे अशी हृदयद्रावक कथा नसते. फ्रेममध्ये वरून माइक डोकावतो आणि आपण दिग्दर्शकाला हसतो. पण कित्येकदा त्याचा दोष नसतो. चित्रपट रुंद पडद्यासाठी असेल, तर फिल्मवर वर-खाली जास्तीचं चित्र असतं, ते दाखवताना झाकायचं असतं. थिएटरात चौकट नीट बसवली नाही, किंवा टीव्हीसाठी पूर्ण चित्र उघडं टाकलं, की माइक दिसला. आपण भलत्यालाच हसलो.

(दृश्य: मध्यरात्रीचा खेळ. प्रेक्षक पडद्याकडे मूठभर चमचे फेकतात.)

हे चमचे प्लॅस्टिकचे आहेत. चित्रपट ‘द रूम’, २००३. लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि नायक एकच: टॉमी विझो. त्याच्याच सांगण्यानुसार खर्च सुमारे ६० लाख डॉलर. तो कुठे गेला, हे पडद्यावर शोधून सापडत नाही. एक कारण माहीत आहे: त्याने ३५ मिलिमीटर फिल्मचा आणि डिजिटल, असे दोन कॅमेरे विकत घेतले, एकमेकांशेजारी बसवले आणि सगळं एकाच वेळी दोन्हीवर टिपलं.

नायिकेची आई एका प्रसंगात सांगते, मला कॅन्सर आहे. बस. त्यानंतर चित्रपटात कोणीही, ती स्वतःसुद्धा, तो विषय काढत नाही. आणि दिवाणखान्यात एक चौकट आहे, तिच्यात चमच्याचा फोटो. फोटोची चौकट विकत आणल्यावर आत नमुन्याचा कागद असतो ना, तो कोणी बदललाच नाही. म्हणून ती चौकट दिसली की प्रेक्षक ‘चमचा!’ असं ओरडून चमचे फेकतात.

पहिल्या दोन आठवड्यांत चित्रपटाने सुमारे १८०० डॉलर कमावले. पण त्या रिकाम्या सभागृहात बसलेल्या काहींना हे एकट्याने बघवेना. त्यांनी मित्रांना फोन केले. मित्रांनी आणखी मित्र आणले. पुढे हा चित्रपट अनेक देशांत मध्यरात्री चालला, आणि विझो स्वतः त्या खेळांना येऊ लागला.

मला इथे एक गोष्ट डाचते. विझोने हा चित्रपट गंभीर नाटक म्हणून केला होता. लोक हसताहेत म्हटल्यावर तो सांगू लागला, ही विनोदीच कथा आहे. आता त्या सभागृहात जे चाललंय ते प्रेम की टवाळी? मी खूप विचार केलाय. दोन्ही आहे. घरातल्या एखाद्या काकाची नक्कल सगळे करतात, पण बाहेरच्याने केली तर चिडतात, तसं काहीसं. चमचे फेकणाऱ्यांना संवाद पाठ असतात. जो चित्रपट खरोखर नकोसा असतो, त्याचे संवाद कोणी पाठ करत नाही.

आणि खरोखर नकोसे चित्रपट पुष्कळ आहेत. कंटाळवाणे, सफाईदार, सावध. त्यांची आठवण पार्किंगमधून गाडी बाहेर काढेपर्यंत पुसली जाते. टुकार असणं पुरेसं नाही. आधी काहीतरी मोठं करायची हौस लागते.

सुसान सोंटॅग या लेखिकेने १९६४मध्ये एका निबंधात हे फार नेमकं पकडलं होतं. ५८ टिपणांचा निबंध. तिचं म्हणणं साधारण असं: या प्रकारातली खरी गंमत भाबडी असते, करणारा अगदी मनापासून गंभीर असतो, ठरवून केलेल्यात ती उतरत नाही. म्हणूनच वादळातून शार्क पडतात वगैरे मुद्दाम टुकार बनवलेले चित्रपट माझ्याकडून वीस मिनिटांपलीकडे बघवत नाहीत. तिथे दिग्दर्शक आधीच डोळा मारून बसलेला असतो. मग आपण काय पकडायचं?

(दृश्य: धुकं, वाडा, करकरणारं दार.)

हिंदीत हे धुकं रामसे बंधूंचं. सात भाऊ. दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन, जवळपास सगळं घरातल्या घरात. त्यांच्या भुतांची सुरुवात एका पडलेल्या चित्रपटातून झाली. १९७०च्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ला प्रेक्षक मिळाले नाहीत. पण भावांनी थिएटरात बसून पाहिलं, तर एका प्रसंगाला माणसं परत परत येत होती: भयंकर मुखवटा घातलेला पृथ्वीराज कपूर चोरीला निघतो तो प्रसंग. अख्ख्या चित्रपटातली तेवढीच रिळं लोकांना हवी होती. मग भावांनी ठरवलं, तेवढंच करू. १९७२मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ आला आणि चालला. १९८४चा ‘पुराना मंदिर’ तर तुफान चालला. समीक्षक नाकं मुरडत राहिले. रामसेंनी एवढंच पाहिलं होतं की माणसं कुठे टक लावून बसतात, आणि त्याबद्दल त्यांना लाज वाटली नाही.

कांती शाह यांचा ‘गुंडा’, १९९८, याची तऱ्हा आणखी निराळी. त्यातले खलनायक आपल्या नावाला यमक जुळवून स्वतःची ओळख करून देतात, एकामागून एक, थेट कॅमेऱ्यात बघून. कवी संमेलनात सूत्रसंचालक आलाच नाही, तर जे होईल ते. बरीचशी यमकं इथे म्हणून दाखवण्यासारखी नाहीत. मिथुन चक्रवर्ती नायक आहेत आणि हे सगळं ते चेहऱ्यावरची रेघ न हलवता निभावतात. हा चित्रपट नंतर गाजवला तो इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांतल्या पोरांनी, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल फिरवत.

(दृश्य: व्यासपीठ. ढकलगाडीत डीव्हीडींचा ढीग.)

वाईटाला बक्षीसही असतं. अमेरिकेत १९८१पासून रॅझी देतात. २०१०मध्ये सँड्रा बुलक ते घ्यायला स्वतः आली, ज्या चित्रपटासाठी मिळालं त्याच्याच डीव्हीडी गाडीत भरून, आणि सभागृहात वाटल्या: नीट बघा, मग बोला. दुसऱ्या दिवशी तिला वेगळ्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. रॅझीबद्दल मला याहून जास्त बोलायचं नाही. हसण्यासाठी समिती लागू नये.

मग अपराधीपणा कशाचा? २०१६मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या दोन संशोधकांनी असे चित्रपट आवडीने बघणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात दिसलं की ही मंडळी सरासरीपेक्षा जास्त शिकलेली असतात, आणि गंभीर कलाकृतीही तितक्याच हौसेने बघतात. हे वाचून मला आधी बरं वाटलं. नंतर स्वतःचाच राग आला. आवडीला पदवीचं प्रमाणपत्र कशाला हवं? शिकलेला माणूस टुकार सिनेमा बघतो तेव्हा ती रसिकता, आणि न शिकलेला तोच सिनेमा पहिल्या रांगेत बसून, शिट्ट्या वाजवत बघतो तेव्हा ती अभिरुचीची बोंब. ‘सहज लागला होता’ या वाक्यात ही भीती लपलेली असते: आपल्याला कोणत्या रांगेतलं समजतील.

(दृश्य: रात्र. रस्त्याकडेला पोलिसांची गाडी. दिव्याच्या झोतात पतंग.)

शेवटी हे एक दृश्य. ‘मॅनोस: द हँड्स ऑफ फेट’, १९६६, टेक्सासमधलं एल पासो. दिग्दर्शक हॅरल्ड वॉरन. खतं विकायचा धंदा, चित्रपटाचा अनुभव शून्य. चित्रपट काढणं काही अवघड नाही, असं एका व्यावसायिक पटकथालेखकाशी पैज लावून बसला, आणि सुमारे १९ हजार डॉलरमध्ये काढून दाखवला. त्याच्या कॅमेऱ्याला चावी द्यावी लागायची आणि एका चावीत ३२ सेकंद चित्रण व्हायचं. आवाज टिपायची सोयच नव्हती, म्हणून मोजक्या दोन-चार जणांनी सगळ्या पात्रांचे आवाज नंतर भरले.

या दृश्यात दोन पोलिसांना गोळीचा आवाज येतो. ते गाडीतून उतरतात. चार पावलं चालतात, अंधारात बघतात, आणि परत गाडीत बसतात. कारण पाचव्या पावलावर उजेड पोचत नव्हता. तेवढेच दिवे होते. आणि तेवढ्या दिव्यांवर आसपासचे सगळे पतंग जमले होते.

२०११मध्ये एका तरुण छायाचित्रकाराला या चित्रपटाची मूळ १६ मिलिमीटरची प्रत सापडली. तिच्या दुरुस्तीसाठी त्याने लोकांकडे पैसे मागितले. चित्रपटाला लागले होते, त्याच्या दुपटीहून जास्त जमले. त्याने एकेक चौकट साफ केली, ओरखडे काढले, रंग परत आणले.

आता पतंग अगदी स्वच्छ दिसतात.

(पडदा काळा. प्रोजेक्टर थांबतो.)