दगड कुठे रोवायचा?

श्रोतेहो, नमस्कार. बांधावरचा दगड हातभर सरकला की गावात काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आजची गोष्ट अशाच एका दगडाची. फक्त बांध अमेरिकेतला आहे.

पेनसिल्व्हेनियातलं गेटिसबर्ग. १८६३च्या जुलैत तिथे यादवी युद्धातली, म्हणजे उत्तर आणि दक्षिणेकडच्या राज्यांमधल्या युद्धातली मोठी लढाई झाली, सलग तीन दिवस. आज त्या रानात तेराशेच्या वर स्मारकं, फलक आणि खुणेचे दगड आहेत. पुष्कळशी उत्तरेच्या पलटणींची, त्यांच्याच म्हाताऱ्या शिपायांनी उभारलेली. मुख्य स्मारकाच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे दगड दिसतात. पलटणीची रांग इथून इथपर्यंत होती, एवढंच ते सांगतात. ब्रिगेडचे, म्हणजे काही पलटणी मिळून होणाऱ्या तुकडीचे, फलकही ओळखायला सोपे: चौकोनी बैठक उत्तरेची, गोल बैठक दक्षिणेची. आमच्याकडे गडावरच्या पाटीवर गडापेक्षा पाटी लावणाऱ्याचंच नाव ठळक, तेही ऑइलपेंटनं! असो.

स्मारक समितीचा नियम असा, की पलटण जिथे रांगेत उभी होती तिथेच दगड. नंतर धावत कुठवर गेली, ते मोजायचं नाही. पुन्हा सांगतो, उभी होती तिथे. पोचली तिथे नाही. कारण उघड आहे. सगळेच पुढे सरकले असते, तर एकाच जागी दगडांची जत्रा भरली असती.

आता ही उत्तरेची ७२वी पेनसिल्व्हेनिया. फिलाडेल्फियाच्या बंबवाल्यांतून उभी राहिलेली पलटण. ३ जुलैला दक्षिणेचं सैन्य उघड्या शेतातून चालून आलं आणि एका बुटक्या दगडी कुंपणावरून आत घुसलं. कोकणात गडगा म्हणतात ना, अगदी तसं कुंपण. ७२वी गडग्याच्या मागे उभी होती. तिच्या ब्रिगेडचे प्रमुख जनरल वेब ओरडले, "पुढे चला!" पलटण हलेना. वेबनी निशाणबरदाराच्या हातातला झेंडा ओढून पाहिला. तो पठ्ठ्या सोडेना. आता वेबना ब्रिगेड मिळून झाले होते पाच दिवस. नवा साहेब, त्यात कानठळ्या बसवणारा गोळीबार! शेवटी पलटण धावलीच, गडग्यापर्यंत लढली. माणसंही पुष्कळ गेली.

पंचवीस वर्षांनी म्हातारे म्हणाले, आमचा दगड गडग्यापाशी. समिती म्हणाली, नियमानं २८३ फूट मागे. दोनशे त्र्याऐंशी फूट, श्रोतेहो! म्हाताऱ्यांनी पाया खणायला घेतला, तर घुसखोरी केली म्हणून त्यांच्यातल्या एकाला अटक झाली. मग कोर्ट. स्वतः वेब साक्षीला आले आणि पलटण आधी हलली नव्हती, हे त्यांनी शपथेवर सांगितलं. आपल्याच जनरलाच्या तोंडून हे ऐकताना त्या म्हाताऱ्यांचं काय झालं असेल? तरी प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १८९१ साली म्हातारे जिंकले. त्याच वर्षी ४ जुलैला गडग्यापाशी त्यांच्या स्मारकाचा शिपाई, म्हणजे पुतळा, उभा राहिला. बंदूक नळीकडून धरलेली, दस्ता वर, लाठीसारखी उगारलेली.

२०११च्या पंचवीस सेंटच्या नाण्यावर हाच शिपाई आहे. आणि २०१३च्या जूनमध्ये, लढाईला दीडशे वर्षं व्हायला जेमतेम आठवडा उरला असताना, वादळानं तो चौथऱ्यावरून खाली आला. दुरुस्त करून परत बसवला. गडग्यापाशीच. या वेळी कुणी टेप घेऊन आलं नाही.