वरची ओळ कापलेला स्क्रीनशॉट

श्रोतेहो, नमस्कार.

जिल्हा न्यायालयात आरोपींच्या बाजूनं उभं राहताना गेली काही वर्षं एक कागद सारखा हातात येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटची काळी-पांढरी प्रिंट. मागे मारहाणीच्या एका केसमध्ये चार्जशीटला असाच कागद जोडलेला होता. त्यावर एवढंच दिसत होतं : ‘आज रात्री तुला सोडत नाही.’ पोरगा कोठडीत, आई माझ्या ऑफिसच्या पायरीवर बसलेली. मी धाकट्या भावाला विचारलं, या ग्रुपमध्ये तू आहेस का? होता. त्यानं फोन काढला, अंगठ्यानं वर सरकवला. कापलेल्या भागात मेसेज होता : ‘नऊला कॅरम. मागची हार विसरला का?’

जामिनाच्या वेळी त्या ओळीचं वजन पडलं. पण ती ओळ वाचली हेच नशीब. आदल्या दिवशी काकांनी सगळ्या पोरांना बजावलं होतं, चॅट डिलीट करून टाका, लचांड नको. धाकट्यानं तेवढं ऐकलं नाही.

मी कळकळीनं सांगतो, घरात पोलीस येऊन गेले की फोन साफ करू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहेच, शिवाय निर्दोष माणसाचा साक्षीदारही त्यातच पुसला जातो. पोहोचलेले मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवर साठवलेले नसतात, ते माणसांच्या फोनमध्ये असतात. तिथून गेले की मागायचे कुणाकडे?

आता कायद्याचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 प्रमाणे अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. एक भाग प्रत देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेला आकडा. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी आकडा साफ बदलतो. म्हणून आम्ही तपासी अंमलदाराला उलटतपासात विचारतो : फोन पंचांसमोर सीलबंद केला का? हॅश कधी काढली? प्रयोगशाळेत जाईपर्यंत मुद्देमाल कुणाच्या ताब्यात होता? उत्तरं अडखळली की त्या कागदाचा जोर कमी होतो.

हे प्रमाणपत्र जुन्या कायद्यातही होतं, कलम 65 बी खाली. त्याबद्दलचा मोठा निकाल आपल्या जालन्याच्या वादातून आला. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरले की नाही, हे व्हिडिओ चित्रीकरणावरून ठरवायचं होतं. अधिकाऱ्यांकडे वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळालं नाही. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, प्रतीला प्रमाणपत्र हवंच, मात्र सगळे प्रयत्न करूनही मिळत नसेल तर त्या माणसाला अशक्य गोष्टीसाठी अडवू नये. कोर्टाकडे अर्ज करून ते मागवताही येतं. आरोपीला बचावासाठी प्रमाणपत्र द्यायचं असेल, तर न्यायाच्या दृष्टीनं परवानगी देण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे. हा अर्ज करायला वकिलांनी आळस करू नये.

आणि पोस्ट खरी ठरली म्हणजे गुन्हा ठरला, असंही नाही. 2012 मध्ये पालघरला एका मुलीनं मुंबई बंदवर फेसबुक पोस्ट लिहिली, दुसरीनं ती लाइक केली आणि दोघींनाही अटक झाली. त्यानंतर आव्हान दिलं गेलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66 ए सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये रद्द केलं. गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ठरवलं, की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला आरोपी करता येत नाही. गावोगावचे अ‍ॅडमिन अजूनही या भीतीत जगतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्या धाकट्या भावाला मी म्हटलं होतं, हा फोन विकू नकोस, रीसेट करू नकोस. 2020 च्याच निकालात आहे, की माहिती मुळात ज्या फोनमध्ये साठली, तो फोन घेऊन मालक स्वतः साक्षीला उभा राहिला, तर प्रमाणपत्राची गरज उरत नाही. दोन वर्षं तो हँडसेट आईच्या कपाटात साडीच्या घडीत होता. महिन्याला एकदा ती आठवणीनं चार्जिंगला लावायची. साक्षीच्या तारखेला पोरानं काच तडकलेला तो फोन कोर्टापुढे ठेवला आणि अंगठ्यानं पुन्हा तेवढंच वर सरकवलं.