न सांगता खाडा चालत नाय

(दृश्य: हर्णै बंदर, संध्याकाळचा लिलाव)

हे हर्णै. दापोली तालुका. होड्या बाहेर पाण्यात उभ्या राहतात आणि मासळी बैलगाडीतून वाळूवर येते, बैल पोटापर्यंत पाण्यात असतात, आणि गाडी वर आली रे आली की भोवती हा असा गराडा पडतो. मागे दिसतोय तो सुवर्णदुर्ग.

आता या मावशींच्या पुढ्यातली टोपली बघा. वरचं फडकं अजून काढलेलं नाही आणि बोली सुरू पण झाली. कारण टोपली कुठल्या होडीची आहे ते सगळ्यांना माहितीये, तो होडीवाला बर्फात कंजूषी करत नाही, ताज्यात शिळं मिसळत नाही, हे बंदरावर वर्षानुवर्षं बघितलेलं असतं. शेजारची टोपली मात्र उघडली जाईल, मासा उलटा होईल, कल्ला वर करून बघितला जाईल, मग भाव. त्या दुसऱ्या होडीवाल्याला विचारलं तर तो म्हणेल की पहिल्याचे लाड चाललेत.

फिल्म मासळीवर नाहीये. पण हे डोक्यात ठेवा.

(दृश्य: कनकदुर्गाच्या पायऱ्या, अंधार, मोबाईलचे उजेड)

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. दिवसा जाळी दुरुस्त करायची, आणि रात्री दीपगृहाखालच्या या पायऱ्यांवर यायचं कारण इथं रेंज बरी मिळते. सगळे एकाच क्लॅनमधले, म्हणजे मोबाईल गेममधल्या एकाच टोळीतले. गेम क्लॅश ऑफ क्लॅन्स, फिनलंडच्या सुपरसेलनं २०१२ साली काढलेला, अँड्रॉइडवर पुढच्या वर्षी आला. क्लॅनमध्ये जास्तीत जास्त ५० जण. यांच्यात हर्णै, पाजपंढरी, आंजर्ले, केळशी, आणि बाकी मुंबईत नोकरीला असलेले चाकरमानी.

क्लॅनचं नाव मी घेत नाही. जिल्ह्यातल्या खेळणाऱ्या पोरांना ते तसंही माहितीये, आणि त्यातले निम्मे काय म्हणतात तेही सांगतो. माजलेत. लय भाव खातात. स्वतःला कोण समजतात काय माहीत, साधं जॉइन व्हायचं म्हटलं तर परीक्षा घेतात.

परीक्षा घेतात हे खरं आहे. कशाची घेतात ते कुणी विचारत नाही, म्हणून हा व्हिडिओ.

(दृश्य: स्क्रीन रेकॉर्डिंग, वॉरचा नकाशा)

आधी वॉर समजून घ्या. प्रत्येक खेळाडूचं गेममध्ये एक गाव असतं, त्याला बेस म्हणतात, आणि वॉरमध्ये दोन क्लॅन एकमेकांच्या बेसवर चढाई करून स्टार मिळवतात. क्लॅन वॉर २०१४ ला आलं. २३ तास तयारीचे, मग २४ तास लढाईचे, प्रत्येकाला दोन अटॅक, एका अटॅकला जास्तीत जास्त तीन स्टार, आणि शेवटी ज्यांचे स्टार जास्त ते जिंकले. २०१८ पासून वर लीग पण आहे, आठ क्लॅनचा गट, सात दिवस, आणि तिथं दिवसाला एकच अटॅक. आता हिशोब करा. लीगमध्ये पंधरा जण उतरवले तर ४५ स्टार शक्य असतात. तिघं झोपून राहिले की सगळ्यांनी सोन्यासारखं खेळूनही ३६ च्या वर जाता येत नाही. लढाई सुरू झाली की त्या तिघांच्या जागी दुसरे घालता येत नाहीत.

आणि अटॅक चालू असताना नेट गेलं तर तो अटॅक गेलाच, परत मिळत नाही. शहरातल्या माणसाला हे कळायचं नाही. इथं पावसाची सर आली तरी टॉवर जातो.

(दृश्य: लीडर, पायरीवर बसून, बोटानं रिप्ले मागे-पुढे करतोय)

हा लीडर. दिवसा बर्फाच्या फॅक्टरीत, वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. सगळे दादा म्हणतात. नवीन पोरगा आला की दादा तीन गोष्टी करतो, आणि त्या मी महिनाभर बघितल्यात म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली, फ्रेंडली चॅलेंज. आपल्याच क्लॅनच्या बेसवर सरावाचा अटॅक, यात कुणाचं काही जात नाही. पण दादाची अट अशी की अटॅकच्या आधी चॅटवर प्लॅन लिहायचा, कुठून शिरणार, क्वीन, म्हणजे सैन्यातली राणी, कुठून चालवणार, पहिलं काय पाडणार. तीन स्टार आले नाही तरी चालतं. हा रिप्ले बघा, या पोराला एकच स्टार आला आणि तो घेतला गेला, कारण लिहिलं होतं तसंच तो शिरला, आणि चुकलं कुठं ते त्यानंच आधी सांगितलं. याच्या आधीच्याला तीन स्टार होते. त्याला थांबवलं. प्लॅनमध्ये एक आणि प्रत्यक्ष अटॅकमध्ये भलतंच, ‘जमलं ना’ म्हणाला. दादा म्हणाला, ‘जमलं रे, पण परत जमंल का ते तुलाच ठावं नाय.’

दुसरी, डोनेशन. कुणी क्लॅन कॅसलसाठी, म्हणजे मेंबरांनी दिलेलं सैन्य ठेवायच्या किल्ल्यासाठी, सैन्य मागितलं की मागितलंय तेच द्यायचं. हाताला लागेल ते टाकून मोकळं व्हायचं नाही.

तिसरी सगळ्यात मोठी. खाडा. खाडा करायचा असेल तर आधी सांगून करा. घरी लग्न आहे, बाबा आजारी आहेत, परीक्षा आहे, रेंज नाही, काहीही चालतं. वॉरमध्ये नाव घालायचं की नाही ती खूण ज्याची त्यानं बदलायची, हिरवी म्हणजे आहे, लाल म्हणजे नाही. लाल केली म्हणून आजवर कुणाला एक शब्द ऐकवलेला नाही. हिरवी ठेवून गायब झालेल्याला मात्र ठेवत नाहीत. तांडेल खलाशी घेताना दंड किती जाड आहेत ते बघतो का? पहाटे हाक मारली की येतो का, एवढंच बघतो. दादाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

(दृश्य: चेहरे, मोबाईलच्या उजेडात)

आता माज म्हणजे काय ते पण बोलू, कारण तो या गेमच्या दुनियेत आहेच, मी नाही म्हणत नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा कॉम्प्युटरवरचा गेम २००४ ला आला तेव्हा त्यातल्या मोल्टन कोअर नावाच्या मोहिमेला ४० माणसं लागायची. एवढी माणसं जमवायची आणि मिळालेल्या वस्तू वाटायच्या म्हणून गिल्डनी, म्हणजे तिथल्या क्लॅननी, पॉइंटांचे हिशोब ठेवले, ती पद्धत त्याच्या आधीच्या एव्हरक्वेस्ट या गेमपासूनची. तोवर ठीक होतं, राबला त्याला मिळालं. पुढं गिअरस्कोअर नावाचं अॅडऑन, म्हणजे गेमला वरून जोडायचं सॉफ्टवेअर, आलं, माणसाच्या अंगावरच्या सामानाचा एक आकडा करून दाखवणारं, आणि लोक तेवढा आकडा बघून माणसाला दारातनंच परत पाठवायला लागले. याला मी माज म्हणतो. तुम्ही कसे खेळता ते बघितलंच नाही!

आपल्याकडच्या कित्येक क्लॅन पण टाउन हॉलची, म्हणजे बेसमधल्या मुख्य इमारतीची, लेव्हल बघून घेतात. आपल्या पोरांच्यात या पायरीवर बसलेला सगळ्यात लहान टाउन हॉल एका रिक्षावाल्या काकांचा आहे, आणि लीगचे बोनस मेडल, जे मोजक्यांनाच देता येतात आणि ज्याच्यावरनं क्लॅन फुटतात, ते मागच्या महिन्यात काकांना मिळाले. सातपैकी सात अटॅक. यादी बघा, स्क्रीनवर आहे.

(दृश्य: जुने फोटो, आडव्या झालेल्या बागा)

३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. दापोली-मंडणगडात नारळी-सुपारीच्या बागा अशा आडव्या झाल्या, काही गावांत कित्येक आठवडे लाईट नव्हती. सलग जिंकत आलेली वॉरची माळ तेव्हा थांबली. मुंबईतले मेंबर म्हणाले, आम्ही पंधरा जण उरतो, खेळू. दादानं वॉर लावलंच नाही. लाईट आल्यावर एकेक नाव परत ऑनलाइन दिसायला लागलं, त्याचा हा स्क्रीनशॉट.

काढून टाकलेले पण आहेत. दोघं इथलेच, एक दादाच्या आळीतला, शाळेपासूनचा दोस्त, आता बोलत नाहीत. तो कॅमेऱ्यासमोर आला नाही.

(दृश्य: ३१ जुलै, रात्र, पाऊस, पायऱ्या)

उद्या होड्या सुटणार. बर्फ भरून झालाय, डिझेल भरून झालंय. खोल समुद्रात गेलं की रेंज संपते आणि परत कधी येईल ते मासळीवर. अकरा जण आज शेवटचा अटॅक करतायत. शेवटचा नंबर त्या एक स्टारवाल्या पोराचा, त्याचा हा मासेमारी बंदीचा पहिलाच मोसम होता क्लॅनमध्ये, उद्या काकाच्या होडीवर तोही पहिल्यांदा जाणार. प्लॅन चॅटवर टाकलाय. दादा काही बोलत नाहीये, नुसता बघतोय.

(अटॅक पूर्ण दाखवायचा, निवेदन नाही)

साडेअकरा वाजले. आता मेंबरांची यादी बघा. कुणी सांगितलेलं नाही, पण एकेकाच्या नावापुढची हिरवी खूण लाल होत चाललीये.